माणशी दर आणि अख्खी गाडी : राज्याच्या पर्यटन विभागास खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री, पर्यटन विभागाचे सचिव व अधिकारी, तसेच राज्यातील पर्यटनाचे नियोजन करणाऱ्या सर्व यंत्रणा, महाराष्ट्र राज्य.

विषय : स्वतःची गाडी नसलेल्या कुटुंबांना राज्यातल्या राज्यात सहल परवडावी, याबाबत.

महोदय,

मी बार्शीत राहते आणि एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. माझ्या यजमानांचे स्टेशनरीचे छोटे दुकान आहे. घरात शहात्तर वर्षांच्या सासूबाई, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा आहे. आमच्याकडे चारचाकी नाही आणि नजीकच्या काळात ती येईल असेही नाही. तरीही दोन वर्षांतून एकदा सर्वांनी मिळून आठवडाभर बाहेर पडायचे, असे आम्ही मुले लहान असल्यापासून ठरवले आहे आणि आजवर ते पाळले आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही छत्रपती संभाजीनगर मुक्कामी राहून वेरूळ, दौलताबाद आणि अजिंठा पाहिले, तिथून लोणारला गेलो आणि शेगावला दर्शन घेऊन घरी परतलो. या सात दिवसांचा पै-पैचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला आहे. ती वही समोर ठेवूनच मी हे पत्र लिहीत आहे, कारण जे सांगायचे आहे ते त्या आकड्यांनीच मला शिकवले.

पाच जणांच्या सात दिवसांत सर्व स्थळांच्या प्रवेशतिकिटांवर आमचे चारशे रुपयेसुद्धा खर्च झाले नाहीत. बार्शीहून निघून परत बार्शीला येईपर्यंत एसटीच्या तिकिटांना साधारण साडेचार हजार रुपये लागले. मात्र बसस्थानकापासून लेण्यांपर्यंत, फाट्यापासून गावापर्यंत आणि गावापासून सरोवराच्या काठापर्यंत जाण्यायेण्यासाठी ज्या रिक्षा आणि जीप कराव्या लागल्या, त्यांना जवळजवळ चार हजार रुपये गेले. म्हणजे संपूर्ण मराठवाडा ओलांडून विदर्भात जाऊन परत यायला जेवढे लागले, जवळपास तेवढेच शेवटच्या काही किलोमीटरांनी घेतले. मुक्कामाचा खर्च तर या दोहोंच्या बेरजेलाही मागे टाकणारा होता, आणि तोही शेगावचे दोन दिवस अगदी थोडक्यात भागले म्हणून आटोक्यात राहिला.

हिशेब लिहिणाऱ्या माणसाला आकड्यांमागची रीत लवकर दिसते. जिथे जिथे दर माणशी होता, तिथे तिथे सहल आम्हाला परवडली. जिथे अख्खी गाडी, अख्खी खोली किंवा अख्खा मार्गदर्शक घ्यावा लागला, तिथे ती हाताबाहेर गेली. आपल्या राज्यात कमी खर्चात पाहण्यासारखी स्थळे किती आहेत, हे वेगळे सांगायला नको. आहेत ती स्थळे माणशी दराने गाठता येतील, पाहता येतील आणि तिथे माणशी दराने रात्र काढता येईल अशी व्यवस्था करावी, एवढीच माझी मागणी आहे. बाकीचे पत्र म्हणजे त्या मागणीचा तपशील आहे.

जे चांगले आहे ते आधी सांगते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली तेव्हापासून एसटी ही या राज्यातल्या सामान्य माणसाची गाडी आहे, आणि गेल्या काही वर्षांत दिलेल्या सवलतींनी तर आमच्यासारख्यांच्या सहलीचे गणितच बदलून टाकले आहे. मार्च २०२३पासून महिलांना राज्यात अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे. त्यामुळे आमच्या घरात यजमानांचे पूर्ण तिकीट, माझे, मुलीचे आणि मुलाचे प्रत्येकी अर्धे आणि सासूबाईंचे शून्य, अशी पाच माणसे अडीच तिकिटांत हिंडतात. आमच्या या सहली सोडल्या तर सासूबाईंनी आयुष्यात सोलापूर, पंढरपूर आणि तुळजापूर यांपलीकडे फारसा प्रवास केला नव्हता. वाहकाने शून्य रुपयांचे तिकीट हातात दिले की त्या ते घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवत. घरी आल्यावर पाहिले, तर सातही दिवसांची सगळी तिकिटे त्यांनी जपून ठेवली होती.

प्रवेशशुल्काचेही तसेच आहे. अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही लेण्यांना १९८३ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि दोन्हींचे तिकीट भारतीय प्रौढासाठी ४० रुपये आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीटच नाही. एकशे वीस रुपयांत आमच्या पाच जणांनी कैलास लेणे पाहिले. वरून खाली कोरत आणलेल्या त्या एकसंध मंदिराच्या अंगणात माझा मुलगा दगडी हत्तीच्या पायाशी उभा राहिला, वर कड्याकडे पाहिले, पुन्हा हत्तीकडे पाहिले आणि विचारले, “आई, मग मधला सगळा दगड कुठे गेला?” मला उत्तर देता आले नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे काम झाले, एवढे मी शाळेत शिकले होते. पण काढलेल्या दगडाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. शेजारी एका मोठ्या गटाला मार्गदर्शक नेमके काहीतरी तसेच सांगत होते. आम्ही थोडे सरकून ऐकू लागलो, पण पैसे त्या गटाने भरले होते, त्यामुळे ते पुढे गेल्यावर त्यांच्यामागे जाणे आम्हाला बरे वाटले नाही.

या प्रसंगावरून एक सूचना करते. अधिकृत मार्गदर्शकाचे शुल्क गटासाठी ठरलेले असते आणि ते योग्यच आहे, कारण त्या माणसाचे शिक्षण आणि दिवसभराचे श्रम त्यात असतात. पण पाच जणांच्या कुटुंबाला ते एकट्याने पेलवत नाही. त्याऐवजी वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, रायगड, शिवनेरी अशा ठिकाणी सकाळी दहा आणि दुपारी अडीच अशा ठरलेल्या वेळी मराठीतून माहिती देणारी फेरी प्रवेशद्वारापासून निघावी, तिकीटघरातच माणशी पन्नास रुपये भरून कोणालाही तीत सामील होता यावे आणि वीस-पंचवीस माणसे झाली की मार्गदर्शकाला त्याचे पूर्ण मानधन मिळावे. यात शासनाच्या तिजोरीतून काहीही जात नाही. मार्गदर्शकाला हमखास काम मिळते, आणि मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळते. वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन मिळून चौतीस लेणी आहेत. सांगणारे कोणी नसेल तर बहुतेक लोक सोळा क्रमांकाचे कैलास पाहून परत फिरतात, आणि जैन लेणी थोडी दूर असल्यामुळे ती राहूनच जातात. आमचीही राहिली असती. तिकीट तपासणाऱ्या एका भल्या माणसाने आवर्जून सांगितले, म्हणून आम्ही तिथवर गेलो.

आता माहितीविषयी. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. ज्याला हे ठाऊक आहे तो रविवारी रात्री संभाजीनगरात पोहोचतो, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा पाहून मोकळा होतो. ज्याला ठाऊक नाही तो नेमके उलट करतो, त्याचे दोन्ही दिवस वाया जातात आणि मुक्कामाचे दोन दिवसांचे पैसे अंगावर पडतात. आम्हाला हे कळले ते यजमानांच्या दुकानात वह्या घ्यायला येणाऱ्या एका शिक्षकांमुळे, जे दरवर्षी शाळेची सहल नेतात. एलिफंटाही सोमवारी बंद असते आणि ताडोबाचा जंगलभाग मंगळवारी. हे सगळे कुठे ना कुठे लिहिलेले असते, हे मला मान्य आहे. पण ज्या फलाटावर प्रवासी उभा असतो, तिथे ते लिहिलेले नसते. संभाजीनगर, जळगाव, जालना, नाशिक, पुणे या बसस्थानकांच्या चौकशी खिडकीजवळ एक मोठा फलक लावून त्यावर जवळची स्थळे, साप्ताहिक सुट्टी, तिकीट, तिथे जाणारी पहिली गाडी आणि तिथून परतणारी शेवटची गाडी एवढ्या पाच गोष्टी लिहिल्या, तरी हजारो कुटुंबांचे दिवस वाचतील.

परतणारी शेवटची गाडी, हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. एका ठिकाणी, ज्याचे नाव मी लिहीत नाही कारण दोष त्या एकाच ठिकाणाचा नाही, आम्हाला सांगण्यात आले होते की संध्याकाळी साडेसहाला परतीची गाडी आहे. आम्ही सहालाच फाट्यावर येऊन थांबलो. कार्तिकातला दिवस, सहालाच अंधारून आले होते. सासूबाई कपड्यांच्या बॅगेवर बसल्या, मुलीने त्यांच्या अंगावर शाल टाकली आणि मुलगा प्रत्येक येणाऱ्या दिव्याकडे पाहून “आली” म्हणत राहिला. सात वाजता टपरीवाल्याने स्टोव्ह बंद करताना आमच्याकडे पाहिले आणि सांगितले की ती फेरी शाळेच्या मुलांसाठी असते आणि सुट्टीत ती बंद असते. नंतर त्यांनीच ओळखीच्या जीपवाल्याला फोन केला. अठ्ठावीस किलोमीटरसाठी अख्ख्या जीपचे बाराशे रुपये द्यावे लागले. त्या जीपवाल्यावर माझा राग नाही. तो जेवण सोडून आला होता आणि परत त्याला रिकामे जायचे होते. प्रश्न असा आहे की ग्रामीण भागातल्या अनेक फेऱ्या शाळेच्या वेळांवर बेतलेल्या असतात, आणि नेमक्या ज्या सुट्टीत कुटुंबे सहलीला निघतात त्याच सुट्टीत त्या बंद होतात. विद्यार्थ्यांसाठीची गाडी सुट्टीत त्याच तालुक्यातल्या एखाद्या लेणीकडे, किल्ल्याकडे किंवा सरोवराकडे वळवता आली, तर गाडीही रिकामी उभी राहणार नाही आणि चालक-वाहकही तेच राहतील. यासाठी पर्यटन विभाग आणि परिवहन विभाग यांनी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये एकदा एकत्र बसावे, इतकेच लागेल.

अजिंठ्याला हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला दिसतो. फर्दापूरजवळच्या तिठ्यावर खासगी वाहने थांबतात आणि तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर बसने जावे लागते. मोटारीतून आलेला माणूस आणि जळगावच्या एसटीतून उतरलेला माणूस इथून पुढे एकाच गाडीत, एकाच भाड्यात बसतात. वाघूर नदीच्या वळणावरच्या त्या घोड्याच्या नालेसारख्या कड्याला धुरापासून वाचवण्यासाठी केलेली ही व्यवस्था आहे, पण तिच्यामुळे आमच्यासारख्यांचेही भले झाले आहे. अशीच व्यवस्था गर्दीच्या किल्ल्यांच्या पायथ्याशी का असू नये? तालुक्याच्या बसस्थानकापासून पायथ्यापर्यंत दर तासाला माणशी दराची एक लहान बस सुटली, तर पायथ्याची वाहनकोंडीही कमी होईल.

सामानाचा प्रश्न हा आपल्या बैठकांमध्ये कधी निघत असेल असे मला वाटत नाही, कारण ज्यांच्याकडे गाडी असते त्यांचे सामान गाडीतच असते. एसटीने फिरणाऱ्या कुटुंबाचे मात्र सामानावाचून पानही हलत नाही. लॉजची खोली सकाळी नऊ-दहाला सोडावी लागते, पुढची गाडी दुपारी असते आणि मधल्या चार तासांत जे पाहायचे ते तीन बॅगा, एक पिशवी आणि खाण्याचा डबा घेऊन पाहावे लागते. लोणारकडे जाताना वाटेतल्या एका ऐतिहासिक गावी आम्ही उतरलो. तिथला वाडा आणि समाधी पाहण्याची मुलीची फार इच्छा होती, कारण इतिहासाच्या पुस्तकात तिने ते वाचले होते. सामान ठेवायला जागा मिळेना. शेवटी यजमान सामानापाशी थांबले आणि मी मुलांना घेऊन गेले. आम्ही परतल्यावर मी थांबले आणि ते सासूबाईंना घेऊन गेले. म्हणजे एकाच घरच्या माणसांनी एक वाडा दोन खेपांत पाहिला. मुलीला वडिलांना जे दाखवायचे होते ते दाखवता आले नाही. मोठ्या रेल्वेस्थानकांवर सामानघर असते आणि काही मोजक्या स्थळांच्या दाराशीही आता तशी सोय दिसते. तालुक्याच्या बसस्थानकावर, किमान जिथे पर्यटक उतरतात तिथे, एक कुलूपबंद खोली आणि पावती देणारा एक माणूस एवढेच हवे आहे. महिला बचत गटाला ही खोली चालवायला दिली तर बॅगेमागे वीस रुपये कोणीही आनंदाने देईल. त्याच खोलीच्या शेजारी भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली, तर आम्ही घरून दशम्या बांधून निघायचेही थांबवू.

मुक्कामाविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण वहीतला सर्वांत मोठा आकडा तोच आहे. आपल्याकडची खोली दोघांसाठी असते. तिसऱ्यासाठी जास्तीची गादी मिळते. चौथा आणि पाचवा आला की दुसरी खोली घ्यावी लागते. एका निवासस्थानी मी विनंती केली की मुले जमिनीवर सतरंजी टाकून झोपतील, सासूबाईंना तेवढी खाट द्या. नियमात बसत नाही, असे उत्तर मिळाले, आणि नियम असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याने तरी काय करावे? दोन खोल्या घेतल्या. रात्री सासूबाईंना नव्या जागेत एकटे झोपवत नाही, म्हणून मुलगी त्यांच्याजवळ झोपली. दिवसभर लेणी पाहून थकलेल्या पाच माणसांनी रात्री एकत्र बसून बोलावे, ते झाले नाही.

मराठी घर दोन माणसांचे नसते. आजी-आजोबा, आत्या, एखादा भाचा अशी पाच-सात माणसे मिळूनच आपल्याकडे सहल निघते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले. राज्यातल्या अनेक उत्तमोत्तम जागा त्याच्या ताब्यात आहेत. या निवासांमध्ये निदान काही खोल्या पाच ते सहा जणांच्या, साध्या, वातानुकूलन नसलेल्या, पण स्वच्छ मोरी आणि गरम पाणी असलेल्या कराव्यात आणि त्यांचा दर माणशी लावावा. त्या सुशोभित करण्याची गरज नाही. खाटांची रांग, खिडकीला जाळी, कपडे वाळत घालायला दोरी आणि रात्री पाण्याचा माठ भरलेला, एवढे पुरते.

हे शक्य आहे, हे आम्ही शेगावला पाहिले. गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात आम्ही दोन रात्री राहिलो. दर इतका कमी होता की पावती पाहून यजमानांनी पुन्हा विचारले. आवारात कागदाचा कपटा नव्हता, सेवेकरी “माउली” म्हणून बोलत होते आणि सासूबाईंना हाताला धरून पायऱ्या चढवणारा मुलगा कोण कुठला, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातही यात्रेकरूंच्या निवासाची आणि लंगराची अशीच व्यवस्था आहे. त्यामागे श्रद्धा आणि दान आहे आणि शासनाला तसेच्या तसे करता येणार नाही, हे मी जाणते. तरीही इतक्या लोकांना इतक्या स्वच्छतेने ठेवता येते, हे राज्यातल्या राज्यात सिद्ध झालेले आहे. ते चालवणारे लोक आपल्याच जिल्ह्यांतले आहेत. त्यांना सल्ल्यासाठी बोलावले तर ते येतील.

दुसरा मार्गही आपल्याकडे तयार आहे. आपलीच निवास व न्याहारी योजना कोकणात चांगली रुजली. मालवण, तारकर्ली, गुहागर, हरिहरेश्वर या भागांत घरातल्या माणसाच्या हातचे जेवण आणि ओसरीवरची झोप माणशी दराने मिळते आणि त्या घरालाही चार पैसे मिळतात. लोणारच्या, वेरूळच्या, नळदुर्गच्या, चिखलदऱ्याच्या आसपासच्या गावांत ती तेवढ्या प्रमाणात दिसत नाही. शेतकऱ्याच्या घरी एक जास्तीची खोली आणि एक नीट शौचालय बांधायला कमी व्याजाचे कर्ज मिळाले, तर मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावातही हा जोडधंदा उभा राहील. लोणारला उल्केने बेसाल्टच्या खडकात पाडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाहायला जगभरातून अभ्यासक येतात. २०२० साली त्यातल्या सरोवराला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. अशा ठिकाणी पाच माणसांच्या कुटुंबाला रात्रीसाठी जागा शोधत दारोदार विचारावे लागते. काठावर पहाटे मोरांचे आवाज ऐकत आम्ही तासभर बसलो होतो. सासूबाईंनी त्या विवराकडे पाहून हात जोडले. मला वाटते, सात दिवसांत जे पाहिले त्यात हे सर्वांत मोठे होते आणि त्याला पैसा कमीत कमी लागला.

आपल्या राज्याचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. छत्तीस जिल्हे आणि लांबलचक किनारा आहे. एवढ्या मोठ्या राज्यात सहल आखायची म्हणजे ऋतू पाहून दिशा ठरवावी लागते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन जाता येत नाही. पावसाळ्यात समुद्रातल्या किल्ल्यांच्या होड्या बंद असतात. कासचे पठार फुलते ते सप्टेंबरात, जेव्हा शाळा चालू असतात. साध्या माणसाला या गोष्टी महिना आणि दिशा यांच्या हिशेबाने कोणी सांगत नाही. त्यामुळे मे महिन्यात सगळेच महाबळेश्वर, माथेरान आणि लोणावळा इथे जातात, दर चढतात आणि आमच्यासारखे घरी बसतात. वास्तविक त्याच दिवसांत पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरून सकाळच्या थंडाव्यात भाजे आणि कार्ले लेणी पाहता येतात. कोल्हापूरला एसटीने जाऊन पन्हाळा, रंकाळा आणि खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर तीन दिवसांत होते. नागपूरच्या बाजूला दिवाळीत गेले तर सेवाग्राममधली बापूकुटी, पवनारचा आश्रम आणि दीक्षाभूमी या तिन्ही ठिकाणांना फार खर्चाशिवाय जाता येते, आणि मुलांना त्यातून जे मिळते त्याची तुलना कोणत्याही पाण्याच्या बागेशी होणार नाही. आपल्या विभागाने ‘एसटीने सहल’ अशी एक साधी पुस्तिका काढावी, जीत महिन्यावार आणि विभागवार चार ते सात दिवसांचे मार्ग, गाड्यांच्या वेळांसह आणि माणशी अंदाजे खर्चासह दिलेले असतील. एसटीचा चार आणि सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास कित्येक वर्षे चालू आहे. आमच्या घरात सवलतीची तिकिटे जास्त असल्यामुळे आम्हाला सुटी तिकिटेच स्वस्त पडली, पण कॉलेजच्या मुलांना आणि तरुण जोडप्यांना तो पास फार उपयोगाचा आहे. या पासाचा आणि पर्यटनस्थळांचा उल्लेख मला आजवर एकाच कागदावर आढळला नाही.

माणशी दराचे उत्तम उदाहरण मालवणच्या धक्क्यावर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला होडीत माणशी पैसे देऊन बसता येते, मग माणूस एकटा असो की दहा जण असोत. घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटाच्या, बोटीचेही तसेच. याउलट ताडोबात जिप्सी अख्खी घ्यावी लागते, आणि तिचे भाडे, प्रवेश आणि मार्गदर्शक मिळून एका फेरीचा खर्च आमच्या संपूर्ण सहलीच्या एसटीखर्चाएवढा किंवा त्याहूनही जास्त होतो. ताडोबा हे १९५५ सालापासूनचे राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. वाघ दिसो किंवा न दिसो, विदर्भातल्याच एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलाने ते जंगल एकदा पाहायला हवे, असे मला मनापासून वाटते. जंगलात वाहनांची संख्या वाढवू नये, हेही मला पटते. पण ठरलेल्या संख्येतल्याच काही जागा जर माणशी विकल्या, किंवा बफर क्षेत्रात, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, शाळेच्या सुट्टीत लहान बसची फेरी वाढवली, तर जंगलावरचा ताण न वाढवता हे होऊ शकेल.

जुलै २०२५मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांपैकी तमिळनाडूतला जिंजी सोडला तर बाकीचे अकरा आपल्या राज्यात आहेत. त्या दिवशी आमच्या गल्लीतही पेढे वाटले गेले. आता या किल्ल्यांसाठी निधी येईल, रस्ते होतील, वाहनतळ होतील. माझी कळकळीची विनंती आहे की वाहनतळाचा आराखडा करताना त्याच कागदावर एसटीचा थांबा, सामानघर, स्त्रियांसाठी पाण्याची सोय असलेले शौचालय आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला सावली, हेही काढावे. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला आणि मोटारीने येणाऱ्याला लोणार, वेरूळ, शिर्डी ही स्थळे काही तासांवर आली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र ज्यांना मोटार नाही आणि ज्यांना सरकारी नोकरीतली रजा प्रवास सवलतही नाही, अशी दुकानदारांची, विणकरांची, शिवणकाम करणाऱ्यांची आणि खासगी नोकरदारांची कुटुंबे या राज्यात फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या घरातही शाळेला सुट्टी लागते.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीची नववी संपेल आणि दहावीच्या वर्षात कुठे जाणे होणार नाही. म्हणून दोन वर्षांचा नेम मोडून त्याआधी एकदा समुद्र पाहायचा, असे तिने मागितले आहे. सासूबाईंनीही समुद्र पाहिलेला नाही. आम्ही मालवणला जाण्याचे ठरवत आहोत. कोल्हापूरपर्यंत अडचण नाही. पुढे कुठे उतरावे, पाच जणांना एक खोली कुठे मिळेल, होड्या कोणत्या तारखेपर्यंत चालू राहतील आणि विजयदुर्गाहून संध्याकाळी परतीची गाडी मे महिन्यात खरोखर सुटते का, हे आम्हाला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कळायला हवे, कारण दुकानातला माल भरायचा की सहलीसाठी पैसे बाजूला ठेवायचे, हे तेव्हाच ठरते. आपल्या विभागाने हे चार तपशील तोपर्यंत प्रसिद्ध केले, तर वहीच्या नव्या पानावर मी ते उतरवून घेईन.

आपली विश्वासू,
बार्शीची एक एसटी प्रवासी